शब्दांची सोयरीक : अमर्स

नागपुरात आम्ही मराठी वर्गात ‘दंड’ म्हणतो, उर्दू वर्गात ‘जुर्माना’. दंड म्हणजे मुळात काठी. जुर्मान्यात अरबी ‘जुर्म’, म्हणजे गुन्हा. पेशवाईतल्या कागदांत दंडालाच ‘गुन्हेगारी’ म्हणत.

इंग्रजीत दंड करण्याला एक जुना शब्द आहे, ‘अमर्स’. तो फ्रेंच ‘आ मेर्सी’वरून आला, म्हणजे ‘दयेवर सोडलेला’. रक्कम ठरलेली नसे. ती राजाच्या किंवा जमीनदाराच्या मर्जीवर असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने त्या मर्जीला लगाम घातला : दंड गुन्ह्याच्या मानाने असावा, व्यापाऱ्याचा माल, कुळाची शेती शाबूत राहावी.

फी उशिरा आली म्हणून दंड लावताना आम्ही शिक्षकांनीही एवढे पाहावे, की त्यात कुणाची रोजी आणि मुलाची शाळा बुडू नये.