तंबूतली सुट्टी, पण तंबूबाहेरचंही बघा

तंबू म्हटला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेतलं स्काउटचं शिबिर आठवतं. सतरंजीवर झोपायचं, कंदिलाच्या उजेडात जेवायचं आणि सकाळी टमरेल घेऊन लांब जायचं. आता त्याच तंबूत डबलबेड, गालिचा, आरसा, जोडून संडास-बाथरूम आणि गरम पाण्याचा नळ आला आहे. ‘ग्लॅमरस’ आणि ‘कॅम्पिंग’ या दोन शब्दांची सांगड घालून या प्रकाराला ‘ग्लॅम्पिंग’ असं नाव पडलं आहे. भाडं अर्थातच चांगल्या हॉटेलच्या तोडीचं, कधी त्याहूनही चढं! आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत पाच-सहा माणसं न्यायची तर वर्षभराची शिल्लक एका सुट्टीत जाते. जाहिरातीतला फोटो नेहमी तंबूच्या आतला असतो. सुट्टी बिघडते ती मात्र बाहेरच्या गोष्टींनी. थंडी, वारा, भरती-ओहोटी, नाहीतर रात्री दोन वाजेपर्यंत चाललेला शेजारचा जनरेटर.

मोकळं रान आणि समुद्र दोन्ही एकाच सहलीत हवे असतील, तर हिवाळ्यात कच्छचा विचार जरूर करा. उत्तरेला बन्नीचा गवताळ प्रदेश आणि पांढरं रण, दक्षिणेला मांडवीचा समुद्रकिनारा आणि मधे भूज. भूजहून रणाच्या काठावरचं धोरडो ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, मांडवी साधारण साठ. बडोदा-अहमदाबादच्या मंडळींना तर हे घरच्यासारखंच. मुंबईहूनही रात्रभराच्या गाडीने भूजला पोहोचता येतं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी सुरू होतं. तंबूचं बुकिंग त्याआधी करायची वेळ येते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी रद्द केल्यास किती परत मिळणार हे लेखी घ्या.

तारखा कुठल्या धराव्यात? पावसाळ्यात रणात पाणी भरतं. ते आटल्यावरच मिठाचा पांढरा थर वर येतो. रणोत्सव साधारण नोव्हेंबरच्या सुमाराला सुरू होतो खरा, पण सुरुवातीला गेलेल्यांना कित्येकदा मिठाऐवजी चिखल बघून परतावं लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. पौर्णिमेच्या रात्री रण दुधासारखं दिसतं आणि तंबूचे दरही त्याच बेताने वर जातात! मार्गशीर्ष पौर्णिमा साधली तर आणखी एक योग जुळतो. खावड्याच्या पुढे काळो डुंगर नावाचा डोंगर आहे, कच्छमधली सर्वांत उंच जागा. तिथे दत्ताचं देऊळ आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी चाल आहे. दत्तजयंतीला आपल्या आजींना तिथे नेता आलं तर त्यांच्या दृष्टीने सहलीचे पैसे तिथेच वसूल. पौर्णिमेचा दर परवडत नसेल तर दोन-तीन दिवस मागेपुढे जा. चांदणं फारसं कमी होत नाही.

राहायचं कुठे, हा खरा प्रश्न. रणोत्सव 2005 साली सुरू झाला तेव्हा तो तीन दिवसांचा होता. आता धोरडोला हिवाळाभर शेकडो तंबूंचं एक गावच वसतं. तिथे भूजहून ने-आण, जेवणखाण आणि रणातली फेरी असं सगळं मिळून दर असतो. तो बहुधा माणशी असतो, खोलीचा नव्हे. ‘एवढ्यात दोघांचं होतं’ असं समजून हिशेब करू नका. तिसरा माणूस आणि मुलं यांचे दर वेगळे विचारा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, पहिल्यांदाच जात असाल, तर ही सोय वाईट नाही. मात्र शांततेसाठी जाणार असाल तर ती जागा ही नव्हे. कापडाच्या भिंतीतून शेजारच्या काकांचं घोरणंसुद्धा ऐकू येतं.

मला स्वतःला जवळच्या होडको गावची व्यवस्था जास्त पसंत आहे. तिथे गावकऱ्यांनीच चालवलेला मुक्काम आहे. तंबू आहेत आणि भुंगेही आहेत. भुंगा म्हणजे कच्छची गोल, मातीने लिंपलेली झोपडी, आत आरशांचं नक्षीकाम केलेली. गोल आकारामुळे ती भूकंपाला चांगली तोंड देते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात सिमेंटची घरं कोसळली तिथे कितीतरी भुंगे उभे राहिले. तंबू आणि भुंगा दोन्हींची निवड असेल तर आजी-आजोबांना भुंगा द्या. जाड मातीच्या भिंतीमुळे तो रात्री तंबूपेक्षा पुष्कळ ऊबदार राहतो.

थंडीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण ‘गुजरातेत कसली थंडी’ म्हणून लोक एकेक स्वेटर घेऊन जातात. दुपारी ऊन लागतं, पण रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरू शकतो आणि रणावरून येणारा वारा अडवायला झाड नसतं. कानटोपी, पायमोजे आणि एक शाल प्रत्येकासाठी हवीच. थंडी वाजली की माणसं तंबूत शेगडी मागवतात, आणि हे मात्र कदापि करू नका. कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद जागेत जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या एका मुक्कामी गॅसच्या हीटरमुळे केरळचे आठ पर्यटक झोपेतच गेले. त्यांत चार लहान मुलं होती. ऊब हवी तर जादा रजई मागा, गरम पाण्याची पिशवी घरून न्या. शेकोटी तंबूबाहेर आणि तंबूपासून लांब. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर हवा जायला खिडकी आहे ना, तेही विचारा.

फोनवर चौकशी करताना आणखी काही गोष्टी विचारायला लाजू नका. संडास तंबूला जोडून आहे की बाहेर? कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हाच प्रश्न सगळ्यांत मोठा. जेवणाचा मांडव किती पावलांवर, आणि वाटेत रात्री दिवे असतात का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा. रण सरहद्दीजवळ असल्यामुळे परवाना काढावा लागतो. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं. हा परवाना वाटेवर भिरंडियाराच्या नाक्यावर मिळतो. तिथला मावा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. बन्नीच्या म्हशी रात्री चरायला जातात, त्यांच्या दुधाचा तो मावा.

दोन रात्री इथे पुरेत. नंतर मांडवी. धोलावीरा नकाशावर जवळ दिसतं, 2021 मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि रणातून जाणारा रस्ताही सुंदर आहे. पण त्यासाठी आणखी एक मुक्काम वाढवता येत नसेल तर या खेपेला सोडून द्या.

मांडवीला किनाऱ्यालगत तंबू घेताना भरतीची रेषा तंबूपासून किती दूर आहे ते विचारा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. म्हणजे चांदण्यासाठी पौर्णिमा धरून रण बघितलंत, की तुम्ही मांडवीला पोहोचता ते नेमके उधाणाच्या दिवसांत! त्यात कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर मोठं असतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून काल ज्या वेळी मुलं पाण्यात खेळली ती वेळ आज सुरक्षित असेलच असं नाही. वेळा स्थानिक कोळ्याला किंवा किनाऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा. ओहोटी लागली की मुलांना गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ देऊ नका. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले, तेव्हा भर दुपार होती आणि आकाश निरभ्र होतं.

एवढी काळजी घेतलीत की मांडवी फार गोड गाव आहे. रुक्मावती नदीच्या मुखाशी आजही लाकडी गलबतं बांधतात. सुताराला काम करताना बघत मुलं तासभर हलत नाहीत. विजय विलास राजवाडा ‘हम दिल दे चुके सनम’मुळे गृहिणींच्या ओळखीचा आहे. गावाजवळ श्यामजी कृष्ण वर्मांचं स्मारक आहे. ते मूळचे मांडवीचे, आणि लंडनच्या ज्या इंडिया हाउसमध्ये सावरकर राहिले ते त्यांनीच उभारलेलं. स्मारकात त्या इमारतीची प्रतिकृती बांधली आहे. शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीच्या वेळेआधी भूजच्या रस्त्याला लागायला तीन तास हाताशी ठेवा. आणि निघताना दाबेलीचा मसाला घ्यायला विसरू नका, दाबेली मांडवीचीच असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.