डिफेन्सचे शेअर आणि आपलं व्रत

चातुर्मासात आमच्या विश्रामबागच्या घरात कांदा-बटाटा येत नाही, पण डिमॅट खात्यात शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर आहेत. मे २०२५ च्या लढाईनंतर ते वधारले, तेव्हा अहो पेढे घेऊन आले. सीमेवर माणसं मेली आणि आम्ही पेढे खाल्ले.

देशरक्षण ही विरोधी हिंसा. गृहस्थाला तिची मुभा आहे. सैनिकांना माझा नमस्कारच. पण देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटींची होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. परक्यांना शस्त्रं विकणं हे कुठलं रक्षण? आपल्याकडे त्याला हिंसादान म्हणतात. अनर्थदंडव्रतात ते वर्ज्य आहे.

युद्ध पेटलं तरच ज्याला तेजी, त्या धंद्यात पैसा ठेवून शांतिधारा कुठल्या तोंडानं करायची? अहोंना सांगितलंय, दशलक्षण पर्वाआधी ते शेअर विका.