अनामत आणि वळकटी

पुण्याच्या घरमालकांविषयी आपल्या बैठकींत जितके कडवट बोलले जाते, तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी बोलले जात असेल. मुलगा कोथरूडला तीन वर्षे राहिला, खोली सोडताना भिंतीतल्या दोन खिळ्यांपायी अनामत कापली गेली, निघायच्या दिवशी सामान जिन्यात आणून ठेवले गेले; ही कथा इंदुरातील बहुतेक जुन्या मराठी घरांना पाठ आहे. तीमधला संताप रास्तच आहे. पण तोच संताप आपल्या स्वतःच्या वरच्या मजल्याचा जिना चढताना कोठे विरून जातो?

कारण येथे घरमालक आपण आहोत. खंडवा रस्त्यावरचे विद्यापीठ, भंवरकुव्याचे शिकवणीवर्ग आणि राज्य लोकसेवा आयोगाचे कार्यालय, सारे याच शहरात. त्यामुळे झाबुवा, बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूरची मुले येथे खोल्या घेऊन राहतात आणि आपली मुले परगावी गेल्याने ओस पडलेल्या खोल्यांना भाडे मिळते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ती खोली रिकामी करून घेण्याची रीत. मुलगा गादी गुंडाळतो, पुस्तके खोक्यात भरतो, बादली, कुकर, टेबलपंखा सुतळीने बांधतो आणि आपण दारात उभे राहून रंगाचा खर्च ऐकवतो. माणूस तीन वर्षे राहिला तर भिंतीचा रंग उतरणारच. त्याचे मोल तो दरमहा देत आलेला असतो. केंद्राने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि देणे असेल ते वजा करून ती ताबा घेतेवेळीच परत करावी, असे म्हटले आहे.

‘मुले भाडे बुडवून पळतात, रात्री दंगा करतात’ हे उत्तर ठरलेले आहे. काही तसे करतातही. अनामत असते ती त्यासाठीच. बुडाले असेल तेवढे कापावे आणि हिशेब कागदावर लिहून द्यावा. खिळा एक आणि कपात हजारांची, याला हिशेब म्हणत नाहीत.

शिवाय खोली सोडणे त्यांना एकदाच घडत नाही, हे आपण ध्यानात घेत नाही. 2019 ची राज्यसेवा परीक्षा आरक्षणाच्या वादात अडकली आणि तिचा अंतिम निकाल लागला तो 2023 च्या डिसेंबरात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत यांमधल्या रिकाम्या महिन्यांचे भाडे निमाडातल्या शेतकऱ्याने कोठून भरावे? म्हणून मुलगा बिऱ्हाड बांधून गावी जातो, तारीख लागली की पुन्हा येतो. आणि बसमध्ये मावत नाही म्हणून दर फेरीला काही पुस्तके रद्दीत जातात. त्याची एक पेटी माळ्यावर चार महिने ठेवून घेतली तर अर्धे ओझे उतरेल. पण माळ्यावर आपल्या तीन पिढ्यांच्या फुटक्या बरण्या आहेत, त्यांना जागा हवी!

आपणही वळकटी घेऊनच या माळव्यात आलो. होळकरांच्या चाकरीला निघालेल्या माणसाचे सामान कोणीतरी आपल्या ओसरीवर ठेवून घेतलेच असेल. ज्या पुण्याला आपण नावे ठेवतो, तेथेही परगावची गरीब मुले माधुकरी मागून आणि वार लावून शिकली, त्यांच्यासाठी 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. इंदुरात अशी मुले ज्या बसस्थानकावरून गावची गाडी पकडतात, त्याला संविधान सभेचे सदस्य वि. सी. सरवटे यांचे नाव आहे. त्या नावाचा अभिमान आपण सभांतून मिरवतो आणि त्याच फलकाखाली कापलेल्या अनामतीचा हिशेब करीत बसलेला मुलगा आपल्याच घरून निघालेला असतो.

येत्या उन्हाळ्यात खोल्या पुन्हा रिकाम्या होतील. ज्या सभासदांच्या घरी भाडेकरू विद्यार्थी आहेत, त्यांनी खोलीची पाहणी मुलाला बरोबर घेऊन करावी, अनामत त्याच दिवशी हातात द्यावी आणि पेटीसाठी माळा झाडून ठेवावा. बरण्या भंगारवाला नेईल.