मंजुरीची फाईल

माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मानवाधिकारवाल्यांना अतिरेक्यांचे हक्क दिसतात, जवानाचे दिसत नाहीत. कोर्टांनी फौजेचे हात बांधले. अफ्स्पा आहे म्हणून आपली पोरं वाचली. खाली अंगठे, ‘जय हिंद सर’, आणि विषय संपला. मला तो संपलेला वाटत नाही. मी अजून गणवेशात आहे, नियम २१ मला पाठ आहे, त्यामुळे कार्यालयातलं काही इथे सांगणार नाही. जे लिहितोय ते निकालपत्रांत आणि संसदेतल्या उत्तरांत आहे, कोणीही वाचावं.

सध्या माझं पोस्टिंग पूर्व आसामात आहे. इथून नागालँडचा मोन जिल्हा फार लांब नाही. ४ डिसेंबर २०२१ ला तिथल्या ओटिंग गावाजवळ, कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या पिकअपवर आपल्या स्पेशल फोर्सेसच्या तुकडीनं गोळीबार केला. सहा मजूर मेले, दोघे जखमी झाले. त्यांना शोधायला आलेल्या गावकऱ्यांशी रात्री झटापट झाली, तीत आणखी गावकरी गेले आणि आपला एक जवानही. दोन दिवसांनी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, ओळखण्यात चूक झाली. नागालँड पोलिसांच्या विशेष तपास पथकानं जून २०२२ मध्ये एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं खटल्याला मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी कारवाई बंद केली. पण कारण नीट वाचा. गोळीबार योग्य होता असं न्यायालय म्हणालेलं नाही. अफ्स्पाच्या कलम ६ खालची मंजुरी नाही म्हणून खटला चालत नाही. पुढे मिळाली तर चालू शकेल, एवढंच.

म्हणजे ते ३० जण निर्दोष सुटलेले नाहीत. दोषीही ठरलेले नाहीत. ज्या जवानानं हुकमावर ट्रिगर दाबला आणि ज्यानं हुकूम दिला, दोघे एकाच यादीत, आणि यादी कपाटात. ह्याला आपण ‘पोरं वाचली’ म्हणायचं?

मंजुरीची अट असावी याच्या मी बाजूचा आहे. गावातल्या ठाण्यात कोणाच्या दबावाखाली काय लिहून घेतलं जातं, हे अशांत भागात एक टेन्युअर काढलेल्या कोणालाही सांगायला नको. खोट्या तक्रारी चाळायला कोणीतरी हवंच. पण चाळणी आणि झाकण यात फरक असतो. २०१८ च्या सुरुवातीला राज्यसभेत लेखी उत्तर आलं: जम्मू-काश्मीर सरकारकडून आलेल्या ५० प्रकरणांपैकी ४७ मध्ये मंजुरी नाकारली, उरलेली ३ प्रलंबित. पन्नासच्या पन्नास खोटी? असतील तर तसं कारणांसह लिहून जगाला दाखवा ना. आपल्यालाच त्याचा फायदा आहे. आणि बलात्काराच्या तक्रारीलाही ही मंजुरी कशाला? न्यायमूर्ती वर्मा समितीनं २०१३ मध्ये ती अट काढा म्हणून सांगितलं. बलात्कार ही कुठल्या ऑपरेशन ऑर्डरमध्ये बसणारी कृती आहे, हे मला एकाही फॉरवर्डवाल्यानं अजून समजावलेलं नाही.

‘परदेशी लोकांनी आम्हाला शिकवू नये’ हे दुसरं पालुपद. जिनिव्हा करार परदेशी नाहीत, आपण ते १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांचा कायदा केला. चारही करारांतलं समान कलम ३ देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही हातात शस्त्र नसलेल्याची हत्या आणि छळ यांना मनाई करतं. आपल्या कायद्यात मात्र कलम १७ आहे: तक्रार फक्त सरकारनं करायची. १९६९ मध्ये गोव्यातल्या एका पाद्र्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयानं सांगून टाकलं की या कायद्यानं व्यक्तीला दाद मागायचा वेगळा हक्क मिळत नाही. रोम संविधीवर आपण सही केलेली नाही. आमची न्यायालयं समर्थ आहेत ही आपली भूमिका. मलाही ती पटते. पण समर्थ न्यायालयापर्यंत खटला पोचूच द्यायचा नाही, मग ती भूमिका कोणत्या तोंडानं मांडायची?

फौज स्वतः करू शकत नाही असंही नाही. माछिल (२०१०) आणि अमशीपोरा (२०२०), दोन्ही बनावट चकमकींत आपल्याच कोर्ट मार्शलनं जन्मठेप दिली, अधिकाऱ्यांनाही. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणानं शिक्षा स्थगित केल्या. तो अपिलाचा भाग, त्यावर तक्रार नाही. निदान साक्षी झाल्या, पुरावा तपासला गेला. पथरीबलचं उलट. मार्च २००० मध्ये पाच जण मारले गेले, सीबीआयनं २००६ मध्ये आपल्या लोकांवर आरोपपत्र ठेवलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्याय दिला, तेव्हा फौजेनं प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून कोर्ट मार्शलशिवायच बंद केलं. खटला मागून घ्यायचा आणि चालवायचा नाही, याला लष्करी न्याय म्हणत नाहीत.

मणिपूरच्या १५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेवर २०१६ मध्ये न्यायालयानं म्हटलं की अशांत क्षेत्रातही पूर्ण अभय कोणालाच नाही. दोन वर्षांनी तीनशेहून जास्त अधिकारी-जवान अशा खटल्यांविरुद्ध न्यायालयात गेले आणि याचिका फेटाळली गेली. त्यांत माझ्या ओळखीचे चांगले सोल्जर आहेत. त्यांची भीती मला कळते, पण त्यांनी मागितलं ते चुकीचं. मागायचं होतं ते हे: मंजुरीचा निर्णय ठरावीक मुदतीत, कारणांसह, कोर्ट मार्शलचा निष्कर्ष जाहीर, खटला झालाच तर जवानाचा वकील सरकारी खर्चानं, आणि चौकशी पेट्रोल लीडरपाशी न थांबता ज्यानं खबर पक्की म्हणून पुढे पाठवली त्याच्यापर्यंत.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच अंमलदारांना रयतेवरून झापलं ते पत्र आपण दर शिवजयंतीला स्टेटसला ठेवतो. त्या पत्रात शत्रूबद्दल तक्रार नाही, आपल्याच फौजेबद्दल आहे, हे ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलंय?

ओटिंगच्या निकालात न्यायालयानं शिस्तभंगाच्या कारवाईची वाट फौजेला मोकळी ठेवली आहे. त्याला कुठल्याही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.