लिस्पचे कंस आणि आजीचे मोदक

संगणकाची विद्या इंग्रजीतून घ्यावी आणि मराठी गणेशचतुर्थीपुरती राखावी, अशी वाटणी मॉरिशसमधील आपल्या घरांतून केव्हाच होऊन गेली आहे. आम्हांला ती मान्य नाही. दाखला देतो तो न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चचा.

तेथील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल यांनी इयन विटेन व माइक फेलोज यांच्याबरोबर १९९८ साली मुलांसाठी संगणकशास्त्राचे एक पुस्तक काढले. त्यात यंत्राला हातच लावायचा नाही. ठिपक्यांचे पत्ते, तराजू, जमिनीवर आखलेल्या रेघा, एवढ्यावर मुले द्विमान अंक आणि क्रम लावणे शिकतात. पुस्तक पुढे अनेक भाषांत गेले. जाणारच, पत्त्यावरच्या ठिपक्याला इंग्रजी कोठे येते? त्यात लिस्प नाही, पण याच रीतीने लिस्पही मराठीतून शिकवता येईल, असे आमचे म्हणणे आहे.

लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेत योजलेली भाषा. जुनी म्हणून ती टाकाऊ नव्हे. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या संख्याशास्त्राच्या 'आर' भाषेने लिस्पच्याच कुळातून पुष्कळ घेतले आहे. नवख्याला धास्ती बसते ती तिच्या कंसांची. नियम तसा सोपा आहे: कंसातला पहिला शब्द क्रिया, उरलेले तिला लागणारे सामान. (+ २ ३) म्हणजे ५. आता हा कंस पाहा:

(वाफव (भर (मळ उकड) (शिजव खोबरे गूळ)))

वाचताना 'वाफव' पहिला, पण घडताना तो शेवटचा. आतला कंस सुटल्याशिवाय बाहेरचा हलत नाही. आजी काय सांगते? उकड मळून, खोबरे-गूळ शिजवून, सारण भरून, मग वाफवायचे. यंत्राचा क्रम नेमका हाच! आपले वाक्य क्रियापद शेवटी ठेवते, म्हणून मराठी बोलणाऱ्या मुलाला हे उलट कमी जड जावे.

खरी अडचण याद्यांची. (मोदक लाडू करंजी) असे लिहिले तर यंत्र 'मोदक' नावाची क्रिया शोधते आणि तक्रार करते. कंसाआधी एक अवतरणखूण दिली की तेच नैवेद्याचे ताट होते, तसेच राहू दिलेले. त्याचा 'कार' म्हणजे मोदक, 'कुडर' म्हणजे (लाडू करंजी). ही नावे आयबीएम ७०४ या जुन्या यंत्राच्या भागांवरून पडली. इंग्रज मुलालाही त्यांचा अर्थ लागत नाही, मग आपल्यालाच न्यूनगंड का? कुडर नेहमी यादीच देतो. ताटात एकटी करंजी उरली, तर तिच्या ताटाचा कुडर करंजी नव्हे, रिकामे ताट. 'कॉन्स' यादीच्या पुढे एक जिन्नस ठेवून नवी यादी देतो. जुनी जशीच्या तशी राहते.

पुढे नोकरीत इंग्रजीच लागेल, असे पालक म्हणतील. लागेल, ती शाळा शिकवतेच आहे.

येत्या चतुर्थीला मंडळांनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापाव्यात. एकेका मुलाच्या हाती एकेक क्रिया द्यावी आणि आतल्याने आपले काम बाहेरच्याच्या हाती सोपवावे. 'वाफव' धरलेल्या मुलाला मात्र बराच वेळ ताटकळावे लागेल.