गृहारोग्य : मुरगळलेला गुडघा

खो-खो खेळतांना खांबास वळसा घालीत असतां मुलीचें पाऊल जागींच रुतलें, अंग मात्र वळलें. गुडघ्यांत ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन-तीन तासांतच तो सुजून टम्म झाला. तिच्या मातोश्री आम्हांस लिहितात कीं, क्ष-किरणांच्या चित्रांत हाड शाबूत दिसलें, पंधरा दिवसांत सूज ओसरली, मुलगी चालूं लागली. आतां तिला सामन्यांस पाठवावें ना?

तूर्त पाठवूं नये.

क्ष-किरणांत हाडें दिसतात, त्यांस बांधून ठेवणारे अस्थिबंध दिसत नाहींत. गुडघ्यास असे मुख्य बंध चार : दोन बाजूंस, दोन आंत एकमेकांवरून तिरपे गेलेले. आवाज आणि लगोलग आलेली सूज एकत्र आढळल्यास पुढला तिरपा बंध तुटल्याचा दाट संशय घ्यावा. आंतल्या बाजूचा बंध पट्टा व व्यायाम यांनीं बहुधा सांधतो. हा मात्र पूर्ण तुटल्यावर सहसा पूर्ववत् जुळत नाहीं. सरळ चालतांना उणीव कळत नाहीं. झटकन् वळतांना गुडघा दगा देतो, आणि अशा प्रत्येक वेळीं आंतली कूर्चेची गादी फाटण्याचें भय असतें.

म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडून गुडघा हातांनीं तपासून घ्यावा. जरूर वाटल्यास ते एम. आर. आय. काढवितील. तेल लावून चोळणें, ओढणें हे घरगुती उपचार नव्या दुखापतीवर करूं नयेत, मग आजीबाई कितीही रागावोत! गुडघा अडकून सरळ होईनासा झाला, तर तपासणीस विलंब नको. पाऊल थंड वा बधिर पडलें, तर तत्क्षणीं रुग्णालय गांठावें.

शस्त्रक्रिया प्रत्येकास लागतेच असें नाहीं. स्वीडनमध्यें १२१ तरुणांवर केलेला प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ५९ जणांस आरंभीं केवळ व्यायाम दिला होता. दोन वर्षांत त्यांपैकीं २३ जणांनाच शस्त्रक्रिया करावी लागली, आणि प्रथमच शस्त्रक्रिया झालेल्यांहून या गटाचे गुडघे एकंदरींत उणे ठरले नाहींत. मात्र व्यायाम म्हणजे महिनोन् महिने नेमानें, जाणत्याच्या देखरेखीखालीं मांडीचे स्नायू बळकट करणें. शस्त्रक्रिया केली तरी हें चुकत नाहीं, व निदान नऊ महिने मैदान वर्ज्य.

घरांतील वडील मंडळी म्हणतात, मुलीचा खेळच सोडवावा. हें आम्हांस मान्य नाहीं. एकाच खेळांत मुलांपेक्षां मुलींस ही दुखापत अधिक होते हें खरें. पण उडी घेऊन उतरावें कसें, वळावें कसें, याचें शिक्षण दिल्यानें ती पुष्कळ टळते. तें शाळेंत मिळतें काय, याची चौकशी मातोश्रींनीं करावी. आणि तपासणींत काय निघालें तें आम्हांस अवश्य कळवावें.