चंक्रमणाचे अनुपान

‘रोज चालता का?’ या आमच्या प्रश्नाला अलीकडे बहुतेक रुग्ण मोठ्या उत्साहाने होकार देतात. प्रमेहाचा रुग्ण पाऊण तास सांगतो; स्थौल्याचा रुग्ण तर मनगटावरील घड्याळातला पावलांचा आकडाच पुढे धरतो. तरीही मेद हलत नाही आणि अग्नी जागा होत नाही. अशा वेळी औषध बदलण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते : ‘चालताना आणखी काय काय करता?’

उत्तर प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर वैद्यबंधूंनी सकाळी एखाद्या उद्यानात घटकाभर उभे राहावे. एक गृहस्थ कानाला मोबाइल लावून आदल्या दिवशीच्या शेअर बाजाराचे उत्तरकार्य उरकत असतात. एक भगिनी एका हातात कोथिंबिरीची जुडी नि दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी सांभाळत, मान वाकडी करून खांद्याशी धरलेल्या फोनवरून घरी झोपलेल्या चिरंजीवांना उठवत असतात. (त्यांच्या मन्याशूलाचे निदान आपण वाताच्या प्रकोपात शोधतो!) पुण्यात पर्वती चढणारे भाविक वेगळ्याच पेचात असतात. माळ १०८ मण्यांची, पायऱ्या १०३. उरलेल्या पाच नामांसाठी पुन्हा खाली उतरावे काय?

वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत चालण्याचे नियम सांगताना छत्री आणि पादत्राणे यांबरोबर दृष्टीचाही विचार केला आहे. युगमात्र, म्हणजे सुमारे चार हात पुढे पाहत चालावे. आजचे हे युग वीतभर अंतरावर येऊन ठेपले आहे. अडचणीच्या प्रसंगी रात्री बाहेर पडणाऱ्यास हाती काठी, डोक्यास आच्छादन आणि सोबतीस माणूस असावा, असेही ते सांगतात. म्हणजे सोबतीला त्यांचा विरोध नाही, आमचाही नाही. शेजारून चालणारा मित्र आपल्याबरोबर खड्डा पाहतो आणि चढ लागला की आपोआप गप्प होतो. फोनवरचा मित्र यांपैकी काहीच करीत नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे अणुत्व आणि एकत्व असे दोन गुण सांगितले आहेत. अणू आणि एकच असलेले मन एकाच क्षणी दोन ठिकाणी नसते. ते वेगाने इकडून तिकडे जाते, म्हणून दोन्ही कामे एकदम होत असल्याचा भास होतो. कमळाच्या शंभर पाकळ्यांतून सुई आरपार जावी आणि सर्व एकाच वेळी भेदल्या असे वाटावे, तसा हा प्रकार. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. चालता चालता बोलणे काढले की जे वृद्ध थांबतात, ते पुढे पडण्याचा संभव अधिक, असे त्यात आढळले. वृद्ध रुग्ण दारातून आत येत असतानाच ‘काय म्हणता, आजोबा?’ असे विचारून त्यांच्या पावलांकडे पाहावे. ही दर्शनपरीक्षा विनामूल्य आहे.

पण आमचा मुख्य आक्षेप पडण्याचा नाही, मात्रेचा आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे आपण सर्वच सांगतो. ती अर्धी शक्ती ओळखायची कशी? कपाळावर व काखेत येणारा घाम, तोंडाला पडणारी कोरड, तोंडावाटे सुरू झालेला श्वास या लक्षणांवरून. ती रुग्णाने स्वतः जाणायची असतात. ज्याचे मन फोनच्या पलीकडच्या माणसाशी भांडत आहे, त्याला हृद्रोगाची पूर्वसूचना देणारी धापही भांडणाचीच वाटेल. ज्याचे मन पडद्यावर आहे, तो मंदगतीने तासभर हिंडूनही अर्ध्या शक्तीपर्यंत पोचणार नाही. सुश्रुतांनी चंक्रमणाला इंद्रियांना जागविणारे म्हटले आहे; येथे तर इंद्रियेच रजेवर असतात.

काही व्यवसायबंधू सकाळच्या फेरीतच दूरध्वनीवरून रुग्णांना सल्ला देतात. पलीकडच्या दम्याच्या रुग्णाला वैद्यांचीच धाप ऐकू येत असेल, तर त्याने कोणाची काळजी करावी?

औषध देताना आपण अनुपान आवर्जून लिहितो. मग चिठ्ठीवर ‘रोज चालणे’ एवढेच लिहून का थांबावे? ‘तीस मिनिटे, फोन घरी ठेवून किंवा आवाज बंद करून खिशात’ असे लिहावे. इतकेही ज्यास जमणार नाही, त्यास तूर्त जेवणानंतरची शतपावली द्यावी. शंभर पावलांत फोन येण्याचा संभव त्या मानाने कमी.